लेलेकाकांनी दिलेला पुरावा

"ठेवतो हं आता," लेलेकाका म्हणाले. पण फोन ठेवल्याचा आवाज आलाच नाही. पार्किन्सन झालेल्या माणसाला थरथरत्या हाताने रिसीव्हर जागेवर बसवायला वेळ लागतो, म्हणून मी लखनौच्या निशातगंजमधल्या क्लिनिकमध्ये तशीच थांबले. तेवढ्यात पलीकडून त्यांच्या सुनेचा, अंजूचा आवाज आला.

"सगाई के दिन पापाजी को पीछेवाले कमरे में रखेंगे. बाहर से कुंडी लगा देंगे."

"और आवाज़ दी तो?" दुसरी कोणी बाई.

"अरे दीदी, वो अब कुछ समझते ही कहाँ हैं! सामने ही तो बैठे हैं, देख लो."

बाहेरून कडी! मी रिसीव्हर झटकन खाली ठेवला.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे लखनौला आले आणि एका न्यूरॉलॉजिस्टच्या क्लिनिकमध्ये काम करू लागले. पार्किन्सनमध्ये अंग थरथरतं, आखडतं, हे लोकांना ठाऊक असतं. पण या आजारात कित्येकांना डिप्रेशनही येतं. त्यावर औषधाच्या जोडीने बोलून उपचार करायचे, हे माझं काम.

लेलेकाका मूळचे साताऱ्याचे, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले रसायनशास्त्रज्ञ. पत्नी वारलेली. विकास नगरला मुलाकडे, शिरीषकडे राहायचे. क्लिनिकला यायला निघाले की गोळीचा असर वाटेतच उतरायचा आणि रिक्षातून उतरवणंही अशक्य व्हायचं. मग मी आमच्या न्यूरॉलॉजिस्ट सरांना म्हटलं, यांची थेरपी फोनवर घेते.

"मैडम, फोन पर तो नब्ज़ भी नहीं दिखती. आप मन देखेंगी?"

"सर, पेशंट पहुँच ही नहीं पा रहा."

"अच्छा, करके देखिए. लेकिन मुझे रिपोर्ट चाहिए."

गोळी लागू पडली की काकांची वाचा जरा मोकळी व्हायची, ती वेळ आम्ही ठरवून घेतली. आवाज खोल गेलेला, एका सुरातला. पुन्हा पुन्हा एकच सांगायचे, "या घरात मी मेलेलो आहे. माझ्यादेखत माझ्याबद्दल काहीही बोलतात." डिप्रेशनमध्ये मन प्रत्येक गोष्टीचा वाईट अर्थ लावतं. अशा वेळी पेशंटला खोटं पाडायचं नसतं, त्यालाच तपासायला लावायचं असतं. म्हणून मी विचारलं होतं, "काका, असं वाटतं, की तसं घडतं? पुरावा काय?"

"बघतो," एवढंच म्हणाले होते.

पुढच्या फोनला मी आधीच सांगून टाकलं. "काका, मागच्या वेळी तुमचा फोन नीट ठेवला गेला नव्हता. माझ्या कानावर काही पडलं."

"रिसीव्हर मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तुम्ही पुरावा मागितला होतात ना?"

मी विचारलं, "घरच्यांशी बोलू का?"

"बोला. पण मी तिथे असताना."

मी विकास नगरला गेले. बैठकीत काका खुर्चीत होते, चेहरा दगडासारखा. शिरीष आणि अंजू समोर. सगाई, म्हणजे साखरपुडा, त्यांच्या मुलीचा, नेहाचा होता.

"मॅडम, बाबांना आता फारसं कळत नाही," शिरीष म्हणाला. "चेहऱ्यावर काही येतच नाही."

"चेहऱ्याचे स्नायू आखडलेत. हा आजाराचाच भाग आहे. आतला माणूस आहे तसाच आहे," मी म्हटलं. मग अंजूलाही समजावं म्हणून काकांना हिंदीत विचारलं, "काका, नेहा की सगाई के दिन आप कहाँ होंगे?"

त्यांचे ओठ हलायलाच वेळ लागला. "पीछेवाले कमरे में. बाहर से कुंडी."

"कुंडी?" शिरीषने बायकोकडे पाहिलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

अंजू काकांकडे वळली. "पापाजी... आपने सुन लिया था?"

"शुरू से सुन रहा हूँ, बेटा. सब."

ती त्यांच्या खुर्चीपाशी खालीच बसली. "आपका चेहरा तो कुछ बोलता ही नहीं था, पापाजी. मुझे लगा..."

सगाईला काका पुढच्या खोलीत बसले. पाहुण्यांना अंजूच सांगत होती, "चेहरा नहीं हिलता, पर सुनते सब हैं. बात कीजिए." एवढ्याने डिप्रेशन जात नाही. फोनवरची थेरपी पुढे कित्येक महिने चालली. हळूहळू काका जेवू लागले, नेहाकडून पेपर वाचून घेऊ लागले, तिच्या मराठी उच्चारांवर कुरकुरू लागले. सरांनी रिपोर्ट वाचला आणि आणखी दोन पेशंट माझ्याकडे फोनवर सोपवले.

तेव्हापासून पार्किन्सनच्या पेशंटच्या घरच्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते, यांच्यासमोर जे बोलाल ते सगळं यांना ऐकू येतं आणि समजतं. बहुतेक घरांत त्यानंतर कुणीतरी आपली खुर्ची पेशंटकडे वळवून घेतं.