बीअर किती कडक होऊ शकते, हे नेरमध्ये सांगताना

यवतमाळ जिल्ह्यात लोक टिपेश्वरचे वाघ बघायला जातात. मी होणारे सासरे बघायला गेले. जानेवारीतली तीन दिवसांची सहल, आणि वाघ बघणाऱ्यांना वाटत नसेल एवढी भीती मला वाटत होती.

कारण आधीच सांगून टाकते. मी पुण्यात बीअर बनवते. गमबूट घालून टाक्या धुण्याची रीतसर पगारी नोकरी आहे. आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, सुमेधचे, बाबा म्हणजे नेरच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर, पंचशील मनापासून पाळणारे. त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. एवढंच म्हणाले होते, "पोरीचा दारूशी संबंध नसावा." माझ्या कामाचं त्यांना सुमेध सांगणार होता. चार महिने तो सांगणारच होता. गाडीत बसल्यावर कळलं की साहेबांनी "फूड कंपनीत आहे" एवढ्यावर भागवलंय. मी म्हटलं, "रविवारच्या आत तू सांग, नाहीतर मी सांगते. खोटं बोलून मला त्या घरात जायचं नाही." तो वरच्या बर्थवर चढला आणि झोपेचं सोंग घेऊन पडला.

पुण्याहून जाणाऱ्यांनी नागपूरकडची रात्रीची गाडी पकडावी आणि सकाळी बडनेऱ्याला उतरावं. तिथून नांदगाव खंडेश्वरमार्गे यवतमाळला जाणारी एसटी घ्यायची. नेर वाटेतच लागतं, साधारण दीड-दोन तास. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सुमेधच्या निम्म्या पैशांत मी त्याच्या माहेरी पोचले. रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना तूर, मधूनच कापसाने फुगलेला ट्रॅक्टर आडवा येतो आणि आख्खी बस निवांतपणे त्याच्या मागून चालते. कुणाला घाई नव्हती, मला तर अजिबातच नव्हती.

सुमेधच्या आईंनी दारातच "जयभीम बेटा" म्हणून हात धरला आणि तुरीच्या उकडलेल्या शेंगांचं ताट पुढ्यात ठेवलं. मीठ घालून उकडलेल्या ह्या शेंगा खाल्ल्याशिवाय हिवाळ्यात विदर्भातून परतू नका. सर कमी बोलत होते, पण प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं. सुमेध दिवसभर पाण्याची मोटर बघ, गच्ची झाड, असली कामं शोधत होता. सांगितलं काहीच नाही.

शनिवारी सकाळी अंगणात आवाज ऐकून मी बाहेर आले. सर काचेच्या उंच नळकांड्यात दूध ओतून त्यात लॅक्टोमीटर सोडत होते. समोर दूधवाले प्रल्हादभाऊ तोंड पाडून उभे.

"पाह्य, आजही खाली गेलं," सर म्हणाले. "पाणी टाकून राह्यला तू."

"सर, माह्या म्हशीची शपथ. आताच काढून आणलं, अजून गरम आहे पाह्यजा."

नवीन दूधवाला, महिनाभरच झाला होता. घर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे दूध धारोष्ण दारात; आधीच्याचं लांबून गार होऊन यायचं. मला राहवलं नाही. नळकांड्याला हात लावला तर कोमट.

"सर, हे थंड होऊ द्या. गरम असताना काडी खाली जाते, आकडा कमी दिसतो."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. मग नळकांडं गार पाण्याच्या बादलीत ठेवलं. अर्धा तास आम्ही तिघं दुधाकडे बघत बसलो. आकडा चढला. दूध चोख होतं.

"हे तर मीच शिकवत होतो पोरायले," सर हळू आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुले कसं मालूम?"

मागे सुमेध झाडू घेऊन उभा होता. त्याने डोळे मिटले. मी म्हटलं, "असलंच मीटर मी रोज वापरते, सर. बीअरसाठी. मी बीअर बनवते. तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं."

सरांनी लॅक्टोमीटर पुसलं, खोक्यात ठेवलं आणि चपला घालून निघून गेले. आई म्हणाल्या, "चहा घे." त्या चहाची चव मला आजही सांगता येणार नाही. तासाभराने कळलं, सर प्रल्हादभाऊंच्या घरी गेले होते, त्यांच्या बायकोसमोर माफी मागायला.

दुपारी शेतावर रोडग्यांचा बेत होता. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. असं जेवण पैसे देऊन कुठे मिळत नाही, त्यासाठी ओळख काढावी लागते. मी दुसरा रोडगा कसाबसा फोडत होते, तेवढ्यात सर शेजारी येऊन बसले.

"किती कडक होते बीअर?"

मला आधी वाटलं, रागाने विचारतायत. पण तो परीक्षकाचा आवाज होता. मग मीही नीट उत्तर दिलं. "आम्ही पाच टक्क्यांची करतो. बाजारात कडक म्हणून मिळते ती आठच्या आसपास."

"त्याच्या वर?"

"मग यीस्टची पंचाईत होते. ते साखर खातं आणि दारू सोडतं. दहा-बारा टक्क्यांना पोचलं की आपणच केलेल्या दारूत ते लुळं पडतं. चिवट यीस्ट घेऊन साखर थोडी थोडी भरवली तर पंधरा-वीस, क्वचित पंचविसाच्याही पुढे. त्याच्यावर न्यायची तर गोठवून बर्फ काढून टाकतात. परदेशात तसं करून साठीच्या पुढे नेलीय, पण तिला बीअर म्हणायचं का, यावर भांडणं आहेत."

"म्हणजे तो जीव सोताच्याच दारूत मरते?"

"हो, सर."

त्यांनी हातातला रोडगा खाली ठेवला. "तीस वर्षं सांगून राह्यलो पोरायले, दारू वाईट, दारू वाईट. हे काहून नाही सुचलं मले?" आणि ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते, आणि मला रडूच यायला लागलं. तिखटाचं निमित्त सांगितलं.

रविवारी सकाळी बुद्धविहारात सर मुलांचा वर्ग घेतात. वंदना झाल्यावर सरांनी मला पुढे बोलावलं. बीअरवर बोलायला विहारात उभी राहणारी मी पहिलीच असेन. बाटलीत गुळाचं पाणी, त्यात बेकरीतलं यीस्ट, तोंडाला फुगा. फुगा फुगेपर्यंत मी यीस्टची गोष्ट सांगितली. एका मुलीने हात वर केला. "मरते तर मंग बनवते काहून?"

"त्याला कळतच नाही कुठे थांबायचं," मी म्हटलं.

"आपल्याले कळते," सर मागून म्हणाले, आणि वर्ग सुटला.

परतताना यवतमाळवरून आलो. तिथे तर्री पोहे खा, पण तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी काढते. निघताना सरांनी टॉवेलात गुंडाळलेलं खोकं हातात दिलं होतं. लॅक्टोमीटर. "मले आता नाही लागत. प्रल्हादवर विश्वास ठेवायचं ठरवलं." मग एवढंच, "माह्या घरात बाटली येणार नाही." मी म्हटलं, "नाही येणार, सर." होकार मात्र त्यांनी दिला नाही, नकारही नाही. वाटभर सुमेध आणि मी त्या टॉवेलाचे अर्थ लावत होतो.

ते लॅक्टोमीटर माझ्या कामाचं नाही. बीअरमध्ये सोडलं तर सरळ तळाला जातं. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय आणि रोज पिशवीतलं दूध मापते, उगीच.

आठवड्याने सरांचा फोन आला. कशी आहेस नाही, काही नाही.

"लग्नात खीर वाटाची आहे. प्रल्हादच दूध देईन. तपासशीन तू."

मी खिडकीतलं लॅक्टोमीटर हातात घेतलं.

"थंड करून," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.