कैद्यांच्या रकान्यातला एक

फौजेत चोवीस वर्षं काढून मी सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो आणि सिक्युरिटी सुपरवायझर होऊन कतारला गेलो. फुटबॉलचा वर्ल्ड कप दोन वर्षांवर आला होता. अख्खा देश खणून ठेवलेला. माझं पोस्टिंग दोह्याबाहेर, समुद्राकाठच्या एका जुन्या दगडी लॉकअपवर झालं. डागडुजी करून ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. हाताखाली आठ गार्ड, चार-चारच्या दोन शिफ्ट, सगळे माजी फौजी. बरवा अल बराहाच्या कामगार कॅम्पमधून बस यायची. शिफ्ट बदलायची दुपारी दोनला.

काम बघणाऱ्या आर्किटेक्ट मुग्धाताई पुण्याच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी जागा समजावून दिली. इंग्रजांचा दरारा होता तेव्हा इथे हिंदुस्थानी माणसाने गुन्हा केला, की निवाडा इंग्रज साहेब करायचा. शिक्षा झाली की बोट येईपर्यंत इथे कोंडायचं, मग मुंबईला रवाना. परत पाय ठेवायचा नाही. चौथ्या खोलीच्या भिंतीवर कुणीतरी खिळ्याने देवनागरीत कोरलं होतं : ‘बोट आली नाही’. खाली दिवसांच्या रेघा होत्या आणि त्या मधेच थांबल्या होत्या.

आमच्यातला नाईक कदम साताऱ्याकडचा. तो म्हणाला, “तडीपारच की हे, साहेब. आपल्याकडं गावातनं हाकलत्यात, हितं गावाकडं हाकलायचे.”

आम्ही हसलो. पण त्या खोलीत एकट्याने थांबायला कुणी राजी नसे. भर दुपारी बाहेर उन्हाचा कहर आणि आत पाऊल टाकलं की अंगावर काटा.

फौजेत क्वार्टर गार्डचा, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या खोलीचा, चार्ज देताना कुलपं, चाव्या आणि कैदी मोजून देतात. हात त्याच सवयीने चालला आणि मी रजिस्टरात कैद्यांचाही रकाना आखला. पोरं चेष्टा करायची. रोज ‘निल’ लिहायची. त्या रकान्यावर कुणाचा जीव टांगला जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जूनमध्ये चौथ्या खोलीला आतून चुना लावला. दहा दिवस दार उघडायचं नाही, अशी ताईंची ऑर्डर होती. मंगळवारी दोन वाजता चार्ज घेताना कदमची नोंद दिसली : ‘कैदी – एक’.

“कदम, हे काय?”

“बरोबर हाय, साहेब.”

“कुठला कैदी? इंग्रजांचा?”

बाकीचे खिदळले. कदम हसला नाही. “साहेब, जरा बाजूला बोलायचं होतं.”

“बोलायचं काही नाही. ऊन डोक्यात गेलंय तुझ्या. बसमध्ये बस.”

लाल पेनने मी तो ‘एक’ खोडला आणि ‘निल’ लिहिलं. दोन वाजून चाळीस मिनिटांनी कदम बसमध्ये कोसळला. हॉस्पिटलला पोचेपर्यंत गेला होता. हार्ट.

बुधवारी दोन वाजता कदमच्या शिफ्टचा फॉल-इन, चौघांतले तिघे रांगेत. मी म्हणालो, “गिनती कर.”

“एक.” “दो.” “तीन.”

आणि मागच्या, चौथ्या खोलीच्या भिंतीतून एक टकटक.

मान कुणी वळवली नाही. शेवटी पंजाबचा हवालदार हळूच म्हणाला, “साब, कदम है.”

“चुप. डिसमिस.”

गुरुवारी पुन्हा गिनती, पुन्हा टकटक. या वेळी हळू, थांबून थांबून. खरं सांगतो, मी घाबरलो. सीमेवर गोळ्या खाल्लेला माणूस मी, पण त्या दाराकडे पाय वळेना. इंग्रजांच्या वेळचा कैदी म्हणा, कदम म्हणा, मला कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं.

कदमच्या घरी कागद पाठवायचे होते. त्याच्या ड्यूटीचे दिवस उतरवायला मी रजिस्टर मागे चाळलं. शनिवार : ‘कैदी – एक. पाणी दोन वेळा दिले.’ रविवारी तेच, सोमवारीही तेच. तिन्ही दिवस खाली माझी सही. न वाचता केलेली.

कदम चार्जच्या रजिस्टरात खोटं लिहिणारा नव्हता. चुगली करणाराही नव्हता. त्याने त्यातल्या त्यात मधला रस्ता काढला होता आणि मी त्यावर लाल रेघ मारली होती. मी किल्ली घेऊन धावलो.

कोरलेल्या अक्षरांखाली एक माणूस पडला होता. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. ओठ फुटलेले. बोटाने भिंत ठोकत होता.

“कदममामा आले का?”

“त्यांच्या जागी मी आलोय.” मी वायरलेस उचलला.

“कंट्रोल, चौथी खोली. एक आदमी जिंदा. अ‍ॅम्ब्युलन्स भेजो. ओव्हर.”

“रजिस्टर में निल है. कन्फर्म करो. ओव्हर.”

“निल मैंने लिखा था. आदमी एक. कन्फर्म. आउट.”

तो देविदास, जालन्याचा शटरिंग कारपेंटर. कॉन्ट्रॅक्टरच्या जाचाला कंटाळून कॅम्पमधून निघाला होता. कॉन्ट्रॅक्टरने तो पळाल्याचा रिपोर्ट दिला; तिथे तो गुन्हाच. देविदासच्या तक्रारीची कामगार कोर्टातली तारीख पुढच्या रविवारी होती. त्याआधी सापडला असता तर थेट जेल आणि विमान. म्हणून कदमने त्याला आत ठेवलं होतं आणि टकटक ही पाण्याची खूण ठरवली होती. देविदासने हाक मारली नाही, कारण बाहेर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी तो हॉस्पिटलच्या खाटेवर होता, दाराशी पोलीस. तारीख हुकली. मी लेखी जबाब दिला, त्याचा उपयोग झाला नाही. पाच आठवड्यांनी त्याला भारतात पाठवून दिलं. कतार कायमचं बंद.

रजा मिळाल्यावर मी कदमच्या गावी गेलो. वहिनींना काय सांगायचं ते वाटभर घोकत होतो. कदमशी शेवटचा शब्द मी शिवीसारखा बोललो, हे सांगायचंच होतं. ओट्यावर एक माणूस शेंगा सोलत बसला होता. डोकं भादरलेलं, नुकते केस उगवत होते. देविदास. विमानतळावरून तो आधी इथे आला होता, मग जालन्याला स्वतःच्या घरी. आता कदमच्या मासिक श्राद्धाला पुन्हा आला होता.

मी सगळं सांगितलं. वहिनी ओट्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊजी, आले त्या दिवशी ह्या माणसानं सुतक धरून केस उतरवले. लोक विचारत्यात, तुमचे कोण लागत्यात. मी काय सांगू?”