‘गाठीभेटी’ उपलब्ध नाही

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांना आयुष्यात आजवर कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. म्हटलं असेल तर ते त्यांना ऐकू गेलेलं नाही. कान तसे शाबूत आहेत. चिंचेवर पोपट कुठल्या फांदीला बसलाय हे ते गोठ्यातून, मान वर न करता सांगतात. पण ‘मिळत नाही’, ‘होत नाही’, ‘संपलं’ ही त्यांच्या लेखी उत्तरंच नव्हेत. तिथून बोलणं सुरू होतं. कन्हेरीत सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून आम्ही माहेरची माणसंही तात्याच म्हणतो. जगात कुठलीच वस्तू संपलेली नसते, आपण चुकीच्या माणसाला विचारलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत आहे. एकदा दुकानदारानं खत संपल्याचं सांगितलं, तर तात्या दुकानातून उठून थेट त्याच्या घरी गेले, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, दोन कप चहा घेतला आणि संध्याकाळी गोणी घेऊन परतले. गॅसची नोंदणी करायच्या फोनवर बाईचा ध्वनिमुद्रित आवाज येतो ना, त्या बाईलाही ते अदबीनं म्हणाले होते, की ताई, तुमचं बोलून होऊ द्या, मग मी सांगतो. आणि खरोखर थांबले होते.

त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन ते कोकणच्या वाटेला लागायचे. पुढं मेंढरं गेली, पाटाचं पाणी आलं, आता घरचे पेरू आणि भाजीपाला बारामतीच्या बाजारात जातो. पण वडिलांकडून आलेली दोरीची विद्या तात्यांच्या बोटांत तशीच राहिली. खिशात वीतभर सुतळी कायम. समोर बसून बोलायला लागले की हात आपोआप चालतात आणि जवळ जे असेल ते बांधून टाकतात. माझ्या ओढणीचं टोक बाजेच्या खुराला कितीदा बांधलं गेलंय, ते मला उठताना कळलं आहे. ताईचं लग्न ठरवायला आले होते तेव्हा बोलता बोलता त्यांनी आमच्या वडिलांच्या उपरण्याची सतरंजीच्या दशीशी गाठ मारली. वडील पानसुपारी आणायला उठले, ते सतरंजीसकट. ताई म्हणते, लग्न खरं त्या गाठीनं ठरलं.

गेल्या वर्षी त्यांच्या शेजारच्या तरुण नवराबायकोनं हौसेनं एक कालवड आणली होती. ती भर दुपारी दाव्याला हिसडे देऊन देऊन गुदमरून मेली. गळ्यात सरकफास होता, ओढलं की आवळत जाणारा. तात्या त्या दिवशी बाजारात होते. परत आल्यावर त्यांनी कालवडीच्या गळ्यातली दोरी सोडवली, नीट गुंडाळली, घरी आणून खुंटीला लावली आणि दोन दिवस येताजाता तिच्याकडं बघत राहिले. बांधणाऱ्या पोराला मात्र बोल लावला नाही. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं, एवढंच ताईला म्हणाले. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. “पोरी, मला मोबाइलवर गाठ दावायची हाय. समद्यांला.”

मी बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांत आणि संगणकात बसणाऱ्या बाईला सगळंच येत असणार, असा बहिणीच्या सासरी समज आहे आणि तो मी मोडलेला नाही. रविवारी गेले. गोठ्यात, गाईच्या शेजारी उभे राहून तात्यांनी न सरकणारी आणि तरी एका हिसक्यात सुटणारी गाठ दाखवली. मात्र सुरुवातीला त्यांनी मोबाइलकडं बघून “बरं हाय ना समदं?” असं विचारलं आणि उत्तरासाठी थांबले. पलीकडून कुणी बोलणार नाही, हे मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, बोलंल की, घाई काय हाय. शेवटी ते थांबणं तसंच ठेवून चित्रीकरण झालं आणि आम्ही मोबाइलवरच्या वाहिनीचं, म्हणजे चॅनेलचं, नाव ठरवायला बसलो. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. ते तीन आठवडे चाललं आणि त्या तीन आठवड्यांत मला माझं स्वतःचं नाव इंग्रजीत कसं लिहितात याचीही शंका यायला लागली.

नावाला तिथं हँडल म्हणतात, हे मी सांगितलं, तेव्हा तात्यांनी हँडल कशाचं, पंपाचं का सायकलचं, असं विचारलं. लोकांनी आपल्याला शोधताना जिथं धरायचं ते, असं मी म्हटलं. ते त्यांना पटलं. मग त्यांचं स्वतःचं नाव टाकून पाहिलं. ते दुसऱ्या कुणी तरी घेतलेलं होतं. त्याच्या शेवटी एक, दोन, तीन असे आकडे लावलेली नावंही घेतलेली होती. त्यात एक जेसीबीवाला, एक भजनी बुवा आणि एक शाळेच्या गणवेशातला मुलगा निघाला. तात्यांनी प्रत्येकाचा चेहरा लांबून, मग जवळून पाहिला. “ही समदी माझ्या नावाची, आन् एकानं बी कधी कळवलं न्हाय,” ते म्हणाले.

मग आम्ही ‘दावं’ घेतलं. ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, त्याला दावा वाचू लागले, ताई दवा वाचू लागली आणि मला ते डावं दिसायला लागलं. ‘कासरा’ लिहिला, त्याचा कचरा झाला. ‘दोरखंड’ बिनचूक उतरला, पण तो गेलेला होता. तेव्हा यंत्रानं आपल्या मनानं दोरखंडापुढं चार आकडे जोडून, हे चालेल का, असं विचारलं. तात्यांना तो अपमान वाटला. आकडा कानात बिल्ला मारलेल्या जनावराला असतो, म्हणाले. मधे खाली रेघ देऊन बघू या, असं मी सुचवलं, तर नावाखाली रेघ कशाला, ते चुकलंय का, असं त्यांनी विचारलं. वीस वर्षं मी पुस्तकांना क्रमांक देत आले. एक पुस्तक, एक क्रमांक. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या पुस्तकांची दया आली.

पुढच्या आठवड्यात सकाळी धारेच्या वेळी त्यांचा फोन आला. पाठीमागं चरवीत दूध पडत होतं. नाव सापडलं होतं: गाठीभेटी. यात गाठ पण आली आणि भेट पण आली. मला ते इतकं आवडलं, की मी चहा तसाच ठेवून लिहून पाहिलं. ‘गाठीभेटी’ उपलब्ध नव्हतं. त्या नावावर एकच चित्रफीत होती, सहा वर्षांपूर्वीची. त्यात एक सडपातळ म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून सांगत होते, की मी इंदापूरचा, पोस्टमन म्हणून जन्मभर दारोदार फिरलो. दारात उभं राहून पत्र दिलं, पण आत जाऊन बसायला कधी वेळ झाला नाही. आता एकेकाच्या घरी जाऊन बसणार आहे आणि तुम्हाला त्यांची भेट घडवणार आहे. चार मिनिटं. त्यापुढं काही नाही. मी तात्यांना कळवलं, की नाव घेतलंय, आणि तो माणूस तर ते वापरतही नाही. तात्यांचा आवाज उजळला. ‘घेतलंय’ हा शब्द त्यांना अजिबात अवघड वाटला नाही, कारण आता निदान कुणाला विचारायचं ते कळलं होतं. इंदापूर काय लांब आहे, म्हणाले.

असे आम्ही शनिवारी एसटीनं इंदापूरला गेलो. पिशवीत तात्यांनी पेरू घेतले होते. जुन्या पोस्टमनचं घर विचारायला दोन माणसंही लागली नाहीत. तोच ओटा होता. दार एका काकूंनी उघडलं आणि आम्ही कुणाला भेटायला आलो, ते विचारलं. पोस्टमन, म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन पाच वर्षं झाली होती. आम्हाला त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. पुतण्या सुट्टीला आला असताना हे मोबाइलवर काहीतरी करत होते खरे, म्हणाल्या. पण ते कुठं ठेवलंय, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडं बटणांचा फोन होता. मी माझ्या मोबाइलवर ती चित्रफीत लावून त्यांच्या हातात दिली. काकूंनी मोबाइल दोन्ही हातांनी, ताटासारखा धरला. चार मिनिटं संपली. पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा त्या पडद्याकडं न बघता नुसतं ऐकत होत्या.

“हे मलाच दिसतंय का समद्यांला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना, कुठूनही. “आन् मी नसले तरी?”

तात्या म्हणाले, “व्हय वहिनी. चालूच ऱ्हाणार ते.”

मग काकूंनी आमचं येणं कसं झालं ते विचारलं. आजवर ज्यांनी कधी काही मागायला आडपडदा ठेवला नाही, ते तात्या म्हणाले, हिकडनं चाललो होतो. मी मात्र गोंधळून खरं ते सांगून टाकलं. काकू हसल्या. “नाव पायजे? घ्या की भाऊ. त्यांना आता कशाला लागतंय?” लगेच पुतण्याला फोन लावते, म्हणून त्या उठल्याही. तात्यांना कुणी तोंड उघडण्याआधीच होकार दिला होता, आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच नकार ऐकला.

“न्हाय वहिनी,” ते म्हणाले. “तितं माणूस बसल्यालं हाय.”

निघताना त्यांनी परसातल्या शेळीची दोरी सोडून पुन्हा बांधून दिली. एसटीत भिगवणच्या फाट्यापर्यंत त्यांनी खिशातली सुतळी काढली नाही. माझी ओढणीही सुटीच राहिली. मग म्हणाले, टाक त्यो नंबर. तसं नाव पडलं: तात्यांची गाठ, आणि पुढं यंत्रानं दिलेले चार आकडे. ते आकडे तात्यांना पाठ नाहीत, दाजींना नाहीत, मलाही कागद बघावा लागतो. त्यामुळं वाहिनी सहसा कुणाला सापडत नाही. तात्या ज्याला त्याला सांगतात, की मोबाइलवर बघ. लोक शोधतात, दमतात आणि शेवटी कन्हेरीला येतात. इंदापूरच्या काकूंसाठी पुतण्यानं नवा मोबाइल आणून दिला, असं ऐकलं. तात्या अधूनमधून तिकडं जातात, पेरू देतात, ओट्यावर बसून येतात.

परवा मी कन्हेरीला गेले तेव्हा सोमेश्वरनगरच्या ऊसतोडीच्या कोपीवरून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, एक बाई बैलाची वेसण-दोरी घेऊन आली होती. तिनं चित्रफीत बघितली नव्हती. असं कुणी दाखवतं, एवढं ऐकून ती दोन गाड्या बदलून आली होती. तात्या तिला सावकाश दाखवत होते. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा बांधल्यावर तात्यांनी दोरी जोरात ओढून पाहिली, गाठ जागची हलली नाही. “जमलं,” ते म्हणाले. “आता तू कुणाला तरी दाव.” बाईनं ती सोडली आणि स्वतःच्याच हातांकडं बघत पुन्हा एकदा बांधली.

मी बाजेवर बसून बघत होते. त्या गाठीचं मी चार वेळा चित्रीकरण केलंय, जवळून, लांबून, दोन्ही बाजूंनी. मला ती अजून येत नाही. तात्यांना हे मी सांगितलेलं नाही. त्यांनी यंदा पंचाहत्तरी ओलांडली. एकदा मोबाइल घरी ठेवून, नुसतं शिकायला जायला हवं.