बिग बेसिनचे रोडगे आणि आमचं आडनाव

कॅम्पिंगला जायचं ही कल्पना अनघाची. स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला, तो मात्र माझ्याच हौसेने. ब्लॉगवर अधूनमधून कोणीतरी विचारतं, की मुलांना घेऊन तंबूत राहायला जायचंय, तर घरून काय करून न्यावं? त्याचं उत्तर माझ्याकडे पंचवीसेक वर्षांपासून तयार आहे. ते नुसतं रेसिपी म्हणून लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला, पण जमलं नाही. म्हणून आता सगळी सहलच लिहिते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सनीव्हेलला एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. माझा नवरा प्रशांत चिपच्या कंपनीत होता आणि मुलगी प्रज्ञा दुसरीत. आम्ही दोघंही नागपूरचे. अनघा आणि श्रीरंग पुण्याचे, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायचे. त्यांची ऋचा प्रज्ञाच्याच वर्गात होती. दोघी शाळेतून आल्या की कुठली कुणाच्या घरी जेवलीय ते आम्हाला आंघोळीच्या वेळी कळायचं. मला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. त्या गावात माझी मैत्रीण म्हणावी अशी एकच होती, ती अनघा.

आमचं आडनाव मेश्राम. महाराष्ट्रातल्या माणसाला ते सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. अमेरिकेत आल्यावर मात्र त्या आडनावाची काय मजा झाली! प्रशांतच्या ऑफिसात त्याला सगळे 'मशरूम' म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. आडनावाला इथे काही वासच नाही, नुसता आवाज आहे, याचा मला केवढा आनंद झाला होता हे कसं सांगू? प्रज्ञाला या आडनावाचं काही ओझं वाटणार नाही, ही माझी अमेरिकेत येण्यातली सगळ्यात मोठी कमाई होती.

लाँग वीकेंडला बिग बेसिनला दोन रात्रींचं बुकिंग झालं. अनघाच्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्याही येणार होत्या. "त्यांना बाहेरचं फार चालत नाही गं," अनघा म्हणाली, "बर्गरबिर्गर तर नकोच." मी म्हटलं, "काळजीच करू नकोस. मी रोडगे करते."

ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे विदर्भात जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खातात. अमेरिकेत गोवऱ्या कुठून आणायच्या? पण फॉइल होती. कणकेत रवा, ओवा, मीठ आणि सढळ हाताने तेल घालून घट्ट मळायचं, गोळे करून आदल्या दिवशी घरीच वाफवून घ्यायचे, गार झाले की तूप चोळून एकेक गोळा फॉइलमध्ये गुंडाळायचा. फॉइल जाड घ्या, पातळ फॉइल निखाऱ्यात टिकत नाही. वांग्याच्या भाजीतले बटाटे आधी अर्धवट उकडा. आणि भाजीत टोमॅटो असेल तर आत कोबीचं पान लावा, आंबटाने फॉइलला भोकं पडतात. हे मला पहिली दोन पुडकी गळाल्यावर कळलं. भाजीची पुडकी फ्रीझरमध्ये दगडासारखी गोठवून नेली, म्हणजे कूलरमध्ये बर्फ कमी लागतो.

शनिवारी सकाळी निघालो. साराटोगापर्यंत रस्ता सरळ आहे. दूध, केळी, पाणी, पेट्रोल जे काय हवं ते तिथेच घ्या, पुढे काही मिळत नाही. मग हायवे नऊ डोंगर चढायला लागतो आणि वळणं काही संपत नाहीत. वरती स्कायलाइनचा रस्ता ओलांडून पलीकडे उतरलं की उजवीकडे दोनशे छत्तीस नंबरचा रस्ता लागतो, तो इतका अरुंद आहे की समोरून गाडी आली की पोट आत घ्यावंसं वाटतं. मुलांना गाडी लागत असेल तर पोटात फार काही घालू नका. अंतर फार नाही, पण सव्वा-दीड तास धरूनच चला.

आणि मग ती झाडं. रेडवूडबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, मी वेगळं काय लिहू? मान दुखेपर्यंत वर बघितलं. खाली सावली, ओलसर गारवा, चालताना पावलांचा आवाज होत नाही. प्रज्ञा आणि ऋचाला एक पिवळीधमक बिनशंखाची गोगलगाय सापडली आणि दोघींची किंचाळी सगळ्या कॅम्पग्राउंडने ऐकली. प्रत्येक जागेला लाकडी टेबल, लोखंडी कडं असलेली चूल आणि खाणं ठेवायला कुलपाचं कपाट असतं. कपाट लावायला विसरू नका, रकून हा प्राणी दिसतो गोजिरवाणा पण तो अट्टल चोर आहे. जंगलातली लाकडं गोळा करायला बंदी आहे. जळणाचे भारे तिथल्या दुकानात मिळतात, संध्याकाळच्या आत घ्या.

निखारे पडायला तासभर लागला. पुडकी आत सरकवली, वरून निखारे ओढले. काकू, म्हणजे अनघाच्या सासूबाई, खुर्ची ओढून माझ्याजवळच बसल्या. लहानखुऱ्या, हसऱ्या, स्वेटरवर शाल. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या होत्या.

"अगं करुणा, तू हे चिमट्याशिवाय फिरवतेस? हात भाजेल ना!"

"सवय आहे काकू."

पहिला रोडगा मी त्यांना फोडून दिला. वरून तूप, बाजूला भाजी. पहिल्याच घासाला त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "व्वा! श्री, खाऊन बघ रे. शेवटी देशमुखांच्या घरचा हात आहे. आमच्या शेजारी होते ना नागपूरचे देशमुख, त्यांच्याकडे अशीच चव."

मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात अनघाने मला हाताला धरून उठवलं. "चल गं, पाणी आणू."

नळापाशी तिने बादली खाली ठेवली. "सॉरी यार. त्यांनी आल्या आल्या विचारलं, तुझी मैत्रीण कोण, कुठली. माझ्या तोंडून देशमुख निघून गेलं."

"निघून कसं जाईल, अनघा? आडनाव आहे ते."

"तुला माहितीये ना जुनी माणसं कशी असतात. मला काही फरक पडतो का? इतकी वर्षं आपण एकमेकींकडे जेवतोय. दोन दिवस फक्त. प्लीज. ट्रिप स्पॉइल नको व्हायला."

मी बादली भरली. टेबलाशी परत आले तर काकू प्रज्ञाला मांडीवर घेऊन तिच्या विस्कटलेल्या वेण्या घालत होत्या. प्रशांतच्या कानावर ते देशमुख आधीच आलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून आग सारली. मला त्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. ऑफिसात मशरूम आणि इथे देशमुख, बिचाऱ्याने करावं तरी काय?

रविवारी सकाळी आम्ही त्या मोठ्या झाडांची गोल वाट फिरलो. सपाट आहे, म्हातारी माणसंही आरामात जातात. काकू पूर्ण वाटभर माझा हात धरून चालल्या. स्वतःच्या सासूच्या तक्रारी सांगितल्या, अनघाच्या दोन बारीकशा सांगितल्या, "तिला सांगू नकोस हं," म्हणाल्या. माझी आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. इतक्या महिन्यांत कोणा मोठ्या बाईने माझा हात धरला नव्हता. तो हात मला हवा होता आणि तो मला दिलेला नव्हता, देशमुखांच्या सुनेला दिलेला होता. चालता चालता मला रडू यायला लागलं. काकूंना वाटलं, झाडं बघून गहिवरले.

दुपारी पुन्हा पुडकी लावली. सगळे टेबलाभोवती बसले होते. काकूंनी प्रज्ञाला हाक मारली, "ए देशमुखीणबाई, इकडे या, माझ्या ताटात जेवा."

प्रज्ञाने माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "आई, व्हाय डज आजी कॉल मी देशमुख? इज इट अ निकनेम?"

अनघाची नजर माझ्यावर होती. मला 'हो, निकनेमच' म्हणता आलं असतं. पण विचारत होती माझी मुलगी, सात वर्षांची. तिला मी तिचं नाव खोटं कसं सांगणार होते?

"नाही बाळा," मी म्हटलं. "काकू, आमचं आडनाव मेश्राम आहे."

काकूंच्या तोंडात घास होता. त्यांनी तो हळूहळू चावून गिळला. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. त्यांनी अनघाकडे बघितलं, मग समोरच्या ताटाकडे. ताट दोन बोटांनी थोडंसं पुढे सरकवलं.

"अनघा, मला जरा ताक दे गं. पोट जड झालंय." आणि माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, "तुम्ही जेवून घ्या. तुमचं राहिलंय."

तुम्ही.

आदल्या संध्याकाळपासून 'अगं करुणा' आणि 'तू' चाललं होतं. एका वाक्यात मी 'तुम्ही' झाले. ज्याला मराठी येत नाही त्याला वाटेल, बाईंनी केवढा मान दिला! मला कोणी शिवी दिली असती तर मी उलटून बोलले असते. पण 'तुम्ही'ला काय उलटून बोलायचं? त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या ते सगळं तसंच. तुम्हाला थंडी वाजत नाही ना. तुमची मुलगी हुशार आहे हो. संध्याकाळी त्यांनी दोन केळी आणि बिस्किटं खाल्ली. त्यांच्या वाटचे रोडगे निखाऱ्यात तसेच राहिले आणि कोळसा झाले.

भांडी घासताना अनघा दबक्या आवाजात म्हणाली, "काय मिळालं तुला? एक दिवस राहिला होता फक्त."

"तुला काय मिळालं?" मी विचारलं.

"मी तुझ्यासाठीच केलं ना! त्यांनी तुला प्रेमाने वागवावं म्हणून." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती खोटं बोलत नव्हती. तेच मला जास्त लागलं.

सोमवारी ठरल्यापेक्षा लवकर तंबू काढले. परतीच्या वळणांवर प्रज्ञाला गाडी लागली. स्कायलाइनला गाडी थांबवून मी तिचं तोंड धुतलं. खाली सगळी दरी उन्हात पसरली होती, आमचं सनीव्हेलही त्यातच कुठेतरी. प्रशांत कठड्याला टेकून उभा होता. "एवढ्या लांब आलो यार," तो म्हणाला. "एवढ्या लांब." पळसाला पाने तीनच, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. समुद्र ओलांडला की चौथं पान फुटेल असं मला खरोखर वाटलं होतं.

पुढे भांडण वगैरे काही झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. प्रज्ञा त्यांच्या दारापर्यंत जायची आणि ऋचा झोपलीय, ऋचाचा होमवर्क आहे, असं ऐकून परत यायची. ऋचाचा बर्थडे 'घरच्या घरी' झाला, त्या 'घरच्या घरी'ला वर्गातल्या किती जणी होत्या हे प्रज्ञाला शाळेत कळलं. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, यू शुड हॅव जस्ट सेड येस." मी तिला जवळ घेऊन खूप समजावलं. आपलं नाव, आजोबा, नागपूर, माणसाने खोटं का बोलू नये. ती ऐकत होती. निदान मला तसं वाटलं. काकू पुण्याला परत गेल्यावर अनघाचा फोन आला, "आता या ना," म्हणून. मी कामात आहे म्हटलं.

त्या प्रवासातलं काय उरलं, असं विचाराल तर जागा सुंदर आहे, झाडं पाहण्यासारखी आहेत आणि रोडग्यांची युक्ती अगदी खात्रीची आहे. बाकीचं जे उरलं ते पुढच्या वसंतात मला कळलं. इंडियन ग्रोसरीत मी भाजी निवडत होते. शेजारी एक बाई उभी होती, नुकतीच मुंबईहून आलेली, बरोबर प्रज्ञाएवढीच मुलगी. मराठी ऐकून तिचा चेहरा उजळला. मुली एकमेकींकडे बघत उभ्या होत्या.

"नाव काय गं तुझं?" तिने प्रज्ञाला विचारलं.

"प्रज्ञा."

"प्रज्ञा काय?"

माझी मुलगी, जी घरीदारी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत द्यायची, तिने एकदा त्या मुलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"देशमुख," ती स्वच्छ मराठीत म्हणाली.

"अरे वा!" बाई खूश झाली. "मग या ना एकदा आमच्याकडे जेवायला."