तिसऱ्यांदा विचारलंच नाही

बोरघिल्ड त्वाइतला भीती म्हणून ठाऊक नाही, असं टॉर्डाल गावात सगळे छातीठोकपणे सांगायचे. उधळलेला खोंड तिनं शिंगाला धरून गोठ्यात आणलेला. नवरा एल्मर बिटाच्या काढणीच्या ऐन धांदलीत गेला, तर मयताला आलेल्या माणसांना चर्चच्या तळघरात तिनंच कॉफी वाढली. कुणी विचारलं, कसं चाललंय, तर म्हणायची, "तसं काय वाईट न्हाई." पाय मोडला तेव्हाही हेच, गोठ्याला आग लागली तेव्हाही हेच.

ही बाई त्या फेब्रुवारीत खिडकीशी बसून चळचळा कापत होती.

जागा म्हणजे गावाबाहेरचा म्हाताऱ्यांचा आश्रम. नर्सबाया चोवीस तास हाताशी. आदल्या वर्षी घरी स्वयंपाकघरात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून ती इथंच. खर्च सरकार द्यायचं, पण तो पायरीनं. वर्षातून एकदा सरकारची बाई यायची. कुणाला उठवायला किती हात लागतात, कोण आपल्या हातानं जेवतं, संडासला कुणाला न्यावं लागतं, ते बघून पायरी ठरवायची. जेवढी मदत जास्त, तेवढी पायरी वर आणि तेवढा पैसा जास्त. आणि माणूस सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली घसरला, तर पैसा बंद. म्हणजे तुमचं तुम्हाला जमतंय, उचला गाठोडं आणि घरी चला.

बोरघिल्ड खाली घसरली होती. तसं पत्रच आलं.

घसरली कशी, तर रीतीपायी. त्या मुलखात कुणी कॉफी घेता का विचारलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नकोच. तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, ओततायच तर अर्धा कप." पहिल्या खेपेला हो म्हणणारा हावरा, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूष. हे तिथं पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं. पण सरकारची बाई आली दूर दक्षिणेकडच्या वाळवंटातली. तिनं विचारलं, "उठताना मदत लागते का?" बोरघिल्ड म्हणाली, "न्हाई न्हाई, कशाला." आणि ती दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत राहिली. बाईनं कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. "संडासला जाताना?" "न्हाई न्हाई." खूण. असं शेवटपर्यंत. त्यात म्हातारीनं पाहुणी येणार म्हणून केस बसवून घेतलेले, गळ्याशी चांदीची पिन लावलेली. सकाळी दोन पोरींनी काखेत हात घालून तिला खुर्चीत बसवलेलं, ते बाईनं बघितलंच नाही. नर्सबायांच्या नोंदीत तरी काही असेल म्हणावं, तर त्याही तिथल्याच पोरी. त्यांनी लिहिलेलं, "कधीमधी हात द्यावा लागतो."

आश्रमाच्या ऑफिसातली मार्सी पत्र घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली. "आजी, याच्यावर अपील करता येतं. मुदत आहे अजून. मी लिहून देते, तुम्ही सही करा. मग फोनवर सुनावणी होईल. तुम्ही फक्त खरं सांगायचं."

"खरंच सांगितलं की बाई मी."

"नाही आजी. तुम्ही चांगलं चांगलं सांगितलंत."

बोरघिल्डनं सही केली.

तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हती ती घरच्या स्वयंपाकघरातली हिरवी फरशी. घर गावापासून लांब, बर्फ पडला की रस्ता गडप. त्या फरशीवर गाल टेकला की तळघरातला गारठा हाडात शिरतो, हे तिला ठाऊक होतं. टेबलाखालून सगळं कसं दिसतं, तेही ठाऊक होतं. जेवताना घास तोंडात फिरायचा आणि ती फरशी आठवली की खालीच उतरायचा नाही. कपबशी वाजते म्हणून तिनं कॉफी सोडली. पोरी म्हणायला लागल्या, आजींनी कॉफी सोडली म्हणजे आता काही खरं नाही.

त्यात गुरुवारी व्हर्नर आला. हा बांधाचा शेजारी, एल्मरचा जिवाभावाचा दोस्त. सत्तरी ओलांडलेला, तरी ट्रॅक्टरवरनं उतरायचा नाही. दर गुरुवारी रुमालात बटाट्याच्या पातळ पोळ्या बांधून आणायचा.

"वैनी, ऐकलं म्या. घरी सोडणार म्हणं तुमास्नी!" हरखून गेला होता गडी. "घर झाडून काढलंय. हीटर लावलाय कालच्यापास्नं. चुलीपाशी लाकडं रचल्यात."

"कशाला रं एवढी तसदी..."

"तसदी कसली? मी रोज डोकवून जाईन की. दारातनं नुसती हाक मारीन, वैनी बऱ्या हायसा का, म्हणून."

दारातनं हाक म्हणताच बोरघिल्डला ती फरशी दिसली. तोंडातनं मात्र रीतीनं निघालं, "लई उपकार झालं तुझं."

तो गेल्यावर जोलीन आली. तिला उठवणाऱ्या दोघींमधली ही थोरली. म्हातारीचा हात बर्फासारखा लागला तशी म्हणाली, "आजी, कशाचं भ्या वाटतंय?"

"भ्या कसलं? जरा गारठा हाय." खोलीत तर अंगातलं स्वेटर काढावं अशी ऊब होती.

सुनावणी झाली ऑफिसच्या मागच्या खोलीत. टेबलावर फोन मोठ्या आवाजात लावलेला. मार्सी, जोलीन, आणि कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन व्हर्नर. घर कसं आहे हे विचारलं तर सांगायला त्याला बोलावलेलं. बोरघिल्डला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चांदीची पिन आज लावलेली नव्हती, मार्सीनं काढायला लावलेली.

फोनमधला सुनावणीचा साहेब शांत बोलत होता. "त्वाइतबाई, खुर्चीतून तुम्हाला आपलं आपण उठता येतं का?"

लागते मदत, एवढंच म्हणायचं होतं. घोकून ठेवलेलं. पण ऐंशी वर्षांचं वळण आडवं आलं. "तसं... चालतंय की."

मार्सीनं डोळे मिटले.

"चालतं म्हणजे, उठता येतं असं लिहू?"

जोलीन मध्येच बोलायला गेली, तशी साहेब म्हणाला, "त्यांनाच बोलू द्या. बाई, घरी एकट्या असताना अडचण आली तर काय कराल?"

"शेजारी हाय. हाक मारीन."

"मी हाय की साहेब," कोपऱ्यातनं व्हर्नर मोठ्यानं म्हणाला, फोन लांब होता म्हणून. "हाकेच्या अंतरावर."

"ठीक. मग मागच्या वर्षी पडलात, तेव्हा मारली होती हाक?"

गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हातारी पडली ती बेशुद्ध झाली, आणि दुसऱ्या दिवशी टपालवाल्यानं खिडकीतनं बघितली. तिनंच तसं सांगितलेलं. बोरघिल्डनं व्हर्नरकडं बघितलं. टोपीची कड तो बोटांनी चाचपत होता, मान डोलावत होता, सांगा सांगा म्हणून. सांगितलं तर हा माणूस आयुष्यभराचा मेला. नाही सांगितलं तर ती फरशी.

"मी शुद्धीवर व्हते," ती म्हणाली.

"कधी, बाई?"

"समदा येळ. सकाळच्याला पडले. दुपारी व्हर्नर आला. दारातनं म्हणाला, वैनी, बऱ्या हायसा का? मी म्हणलं, बरी हाय. दुसऱ्यांदा इचारलं, काय पायजे का? मी म्हणलं, न्हाई रं, कशाला." तिचा आवाज फाटला. "मग ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला."

व्हर्नरची टोपी खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही.

"तुमचा आवाज लई लांबनं आल्यागत वाटला व्हता मला," तो म्हणाला. "पर ट्रॅक्टर दारात चालूच व्हता. डिझेल जळत व्हतं."

"तिसऱ्यांदा इचारशील म्हणून मी दम धरून व्हते, व्हर्नर. मग हाक मारली. पर तवर तू बांधाच्या पल्याड."

मग साहेब म्हणाला, "त्वाइतबाई, मी एकदाच विचारणार आहे. उठायला मदत लागते?"

"लागती."

"संडासला जाताना?"

"दोघी लागत्यात. समद्यांच्या म्होरं सांगायला लाज वाटती, पर दोघी लागत्यात."

"एकट्या राहू शकाल?"

तिनं दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळून धरले. "मला भ्या वाटतंय," बोरघिल्ड त्वाइत म्हणाली. टॉर्डालात हे तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. जोलीननं तोंडावर बाही धरली आणि भिंतीकडं वळली.

निकाल बर्फ वितळायच्या आत आला. तिला पायरी मिळाली, चांगली मधली. त्या वर्षापुरती. पुढल्या वर्षी सरकारची बाई परत येणार होतीच, आणि बोरघिल्डला तिची धास्ती आत्तापासूनच होती.

त्याहून मोठी धास्ती गुरुवारची. सुनावणीनंतर एक गुरुवार गेला, व्हर्नर आला नाही. दुसराही गेला. म्हातारी खिडकीतनं रस्ता बघत बसायची आणि जीव टांगणीला लागायचा.

तिसऱ्या गुरुवारी तो आला. पोळ्यांचा रुमाल ठेवला, हवेचं बोलला, बिटाच्या पेरणीचं बोलला. त्या गोष्टीचं दोघांनीही नाव काढलं नाही. निघाला, दारात थांबला.

"वैनी, काय लागतंय का?"

"न्हाई रं."

"काय देऊ का?"

"न्हाई, कशाला."

तो गेला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. आत आला, तिच्या खुर्चीपाशी वाकला आणि तोंडाकडं बघत म्हणाला, "वैनी. काय पायजे?"

बोरघिल्डनं इकडंतिकडं बघितलं. तसं काहीच नको होतं. पायांवर घोंगडी होती, पाणी भरून ठेवलेलं होतं.

"ती पोळी सोड त्या रुमालातनं," ती म्हणाली. "आन् बस जरा."