कागद उजवीकडे सरकवा

एकट्याने विचार करायची इतकी धास्ती घेतलेला माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. ठाण्याच्या एका छापील लुगड्यांच्या गिरणीत आमच्या नक्षीखात्याचे ते प्रमुख होते, आणि सगळी गिरणी त्यांना नुसतं मास्तर म्हणायची. ब्रह्मदेवाने सृष्टी एकहाती केली म्हणून तिच्यात इतक्या चुका राहिल्या, असं त्यांचं ठाम मत होतं. "चार जणांना विचारलं असतं, तर उंटाचं असं झालं नसतं," असं ते अगदी हळहळून म्हणायचे. काठावर साधी कुयरी काढायची झाली, तरी ते आम्हा पाच जणांना गोल बसवायचे. प्रत्येकापुढे कोरा कागद. पाच मिनिटं झाली की मास्तर टाळी वाजवून "सरकवा" म्हणायचे. मग आपला कागद उजवीकडच्याला द्यायचा आणि डावीकडून आलेल्या चित्रात भर घालायची. खोडायचं नाही, नाव घालायचं नाही, आणि फेरा पुरा होईपर्यंत 'छे' म्हणायचं नाही. म्हणणारा भिंतीकडे तोंड करून उभा. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब मागून डोकावले आणि "छे, हे काय?" म्हणाले. मास्तरांनी त्यांना अदबीने भिंतीपाशी नेलं, आणि साहेब इतके गोंधळले की फेरा संपेपर्यंत मुकाट उभे राहिले.

या पद्धतीतून काय निघेल याचा नेम नसे. माझा मोर एकदा चार हात फिरून आमच्यातल्याच ठसे कोरणाऱ्या गड्याकडे पोचला. हा मानपाड्याचा, बापजाद्यांनी मिठागरं केलेली. तो बराच वेळ बघून म्हणाला, "मास्तर, यो मोर नाय, कोंबरा हाय." आम्ही भिंतीकडे बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, "छे कुठे म्हणाला तो? भर घातली त्याने." त्या कोंबड्याच्या काठाची लुगडी कल्याणच्या बाजारात हातोहात खपली.

मास्तर निवृत्त झाले तसा फेरा मोडला. नव्या प्रमुखांनी ज्याला त्याला वेगळं टेबल दिलं आणि चित्राखाली सही करायला सांगितलं. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. नौपाड्यात एका खोलीत ते एकटेच राहत. निरोपाच्या दिवशी ते म्हणाले, "रविवारी सकाळी माझ्याकडे बसत जाऊ. कागद माझे." पहिल्या रविवारी तिघे गेलो, दुसऱ्या रविवारी एक जण गेला, पुढे कोणीच नाही. रविवारी माणसाला घरची कामं का थोडी असतात?

सहा महिन्यांनी एका रविवारी डॉक्टरकडे म्हणून नौपाड्यात गेलो होतो, तेव्हा त्यांच्या दारात डोकावलो. खोलीत पाच पाट गोल मांडलेले, प्रत्येकापुढे कागद, आणि मास्तर एका पाटावरून दुसऱ्या पाटावर सरकत होते. मध्येच स्वतःशी टाळी वाजवत होते. कागदांवर आमची प्रत्येकाची चित्र काढायची ढब त्यांनी हुबेहूब उतरवली होती. माझ्या मोराचे जाडे पायसुद्धा.

"बस रे," ते म्हणाले. "तुझी जागा मीच सांभाळली. पण तुझे पाय काढणं फार कठीण."

चपला दाराशी काढल्या. मी बसलो. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी पाच जणांचं काम केलं. निघताना न राहवून मी म्हणालो, "पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन येतो."

गिरणीत सांगितलं तेव्हा सगळे हळहळले, नक्की जाऊ म्हणाले. रविवारी माझ्याकडे डोंबिवलीला पाहुणे आले; बाकीच्यांचंही काहीतरी निघालंच. पुढे लाजेने पाऊल उचलेना. मास्तर खडवलीला पुतण्याकडे राहायला गेल्याचं कानावर आलं, तेही उशिरा.

त्यांच्या नौपाड्यातल्या शेजारणीची एकदा बाजारात गाठ पडली. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे येणार होतात त्या रविवारी सकाळीच माझ्याकडून पाच कप मागून नेले हो त्यांनी. संध्याकाळी आणून दिले आणि म्हणाले, वहिनी, धुवायला नकोत."