ब्रेकचं कार्ड आणि अंशचा बूट

लोकांना किस्से आठवावे लागतात. आमच्याकडे ते अंगावर येतात, तेही बुटासकट!

मी फरीदाबादच्या एका शाळेत स्पेशल मुलांचा वर्ग घेते. माझं माहेर दिल्लीतल्या पहाडगंजचं, म्हणजे गोंगाटाची सवय लहानपणापासूनची. संध्याकाळी घरी आले की नवरा 'दमलीस का?' असं विचारत नाही. 'आज काय फेकलं?' असं विचारतो.

* * *

फेकणारा अंश. वय नऊ, बोलत नाही, नेम अचूक. वर्गात आवाज वाढला किंवा गणित लांबलं की बूट काढायचा आणि भिरकावायचा. एकदा स्पोर्ट्सच्या सरांच्या पाठीत बसला. सर तणतणत आले, अंतर बघितलं, अंशच्या हाताकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ये लड़का बॉलिंग करता है क्या?"

पुढचा बूट मात्र प्रिन्सिपल चोप्रा मॅडमच्या चहात पडला. कप फुटला, साडी भिजली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एक और जूता, और ये बच्चा घर."

अंशची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाते. आधीच्या शाळांनी त्याला ठेवून घेतलं नव्हतं. ती मला म्हणाली, "दीदी, इसके बाद कोई स्कूल नहीं है." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

* * *

गुरलीनचं दुखणं वेगळं. ती खुर्चीवर बसायचीच नाही. मी ठरवलं, बसली की लगेच एक चांदणीचा स्टिकर द्यायचा. दोन दिवसांत बाईसाहेबांना हिशोब कळला. उठायचं, बसायचं, हात पुढे करायचा. उठायचं, बसायचं, हात पुढे! आठवडाभरात ती अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त उठणारी मुलगी झाली.

मग मीच दमून खुर्चीत बसले. गुरलीन आली, स्वतःच्या हातावरची चांदणी सोलून काढली आणि माझ्या कपाळावर चिकटवली. नोकरीत मला मिळालेलं हे एकमेव अप्रेझल.

* * *

शनिवारी इम्रान मदतीला यायचा. मूळचा लातूरचा, इथे करोलबागेत राहून यूपीएससीची तयारी करणारा. मी त्याला समजावलं, "गुरलीन लक्ष वेधायला किंचाळते. अजिबात लक्ष द्यायचं नाही. चेहरा कोरा."

मी ऑफिसमधून परत आले तर गुरलीन त्याच्या मांडीवर बसलेली, त्याचा चष्मा तिच्या नाकावर, आणि त्याच्या डब्यातलं शेवटचं धपाटं तिच्या तोंडात. इम्रान समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"अरे, हे काय?"

"मॅडम, इग्नोर चालू आहे."

* * *

अंशचं कोडं मला उशिरा सुटलं. बूट फेकला की आम्ही काय करायचो? त्याला वर्गाबाहेर न्यायचो. त्याला तेच तर हवं असायचं! बोलता येत नाही, मग 'मला बाहेर जायचंय' हे तो बुटाने सांगायचा.

म्हणून त्याच्या गळ्यात एक लाल कार्ड अडकवलं. डोकं तापलं की कार्ड समोर ठेवायचं. समोरच्याने निमूट त्याला कोपऱ्यातल्या चटईवर जाऊ द्यायचं. चपला-बूट काढून बाहेर ठेवायचे, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, वाळू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. हे शिकवायला मी स्वतःच त्याला कार्ड दाखवून त्या चटईवर जाऊन बसायचे.

अट एकच. कार्ड दिसलं की ब्रेक, 'बस दो मिनट' वगैरे काही नाही. एकदा जरी नाही म्हटलं तरी त्याचा कार्डावरचा विश्वास उडणार. हे मी चोप्रा मॅडमना पटवलं, आणि मॅडमनी असेंब्लीत माइकवरून जाहीर केलं, "कार्ड का मान रखा जाएगा. सामने कोई भी हो!"

वार्षिक समारंभात पाहुण्यांचं भाषण लांबत चाललं होतं. अंशने कार्ड दाखवलं आणि शांतपणे निघून गेला. मागून स्पोर्ट्सचे सर कुजबुजले, "मॅडम, एक एक्स्ट्रा है क्या?"

* * *

हे सगळं घरीही येतं. दिवाळीत सासरे सोफ्यावर बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! किती छान बसलात!"

बिचारे संध्याकाळभर हलले नाहीत.

* * *

महिनाभर बूट पायातच राहिला. मग एक दिवस मी रजेवर गेले. बदली टीचरसमोर अंशने कार्ड ठेवलं. त्या म्हणाल्या, "बस पाँच मिनट, बेटा." त्याने पुन्हा ठेवलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. खिडकीची काच फुटली.

दुसऱ्या दिवशी चोप्रा मॅडमच्या केबिनमध्ये मी, अंश आणि त्याची आई. मॅडमनी आईलाच धारेवर धरलं. मध्येच फोन वाजत होता, तो कट करून मॅडम पुन्हा सुरू. आवाज चढत गेला. बोटं टेबलावर टकटक, पाय टेबलाखाली हलतोय. आई ओढणीचं टोक पिळत बसलेली. मी मध्ये बोलायला गेले, तर "आप रहने दीजिए!" मला रडूच फुटणार होतं. अंश टक लावून मॅडमच्या बोटांकडे बघत होता.

मग तो खाली वाकला. बुटाचा पट्टा चर्रकन उघडला. आईने डोळे मिटले.

त्याने बूट काढून खुर्चीखाली ठेवले. गळ्यातलं कार्ड काढलं आणि टेबलावरून मॅडमच्या पुढे सरकवलं.

मॅडमनी कार्डाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. फोन पुन्हा वाजला. मॅडमनी तो बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला, कार्ड उचललं आणि उठल्या.

अंशने त्यांना वर्गात आणलं. मॅडमनी सँडल काढल्या आणि साडी सावरत चटईवर बसल्या. अंशने त्या सँडल उचलल्या. मी आणि आई, दोघी आपोआप खाली वाकलो. त्याने त्या चटईबाहेर शेजारी-शेजारी नीट लावल्या, घड्याळ उलटं केलं आणि मॅडमच्या बाजूला मांडी घालून बसला.

वाळू संपली. मॅडम आईकडे न बघता म्हणाल्या, "सोमवार को टाइम पे भेजिएगा."

आणि हातातलं कार्ड पुन्हा अंशसमोर ठेवलं. अंशने घड्याळ उलटं केलं.